वळीव पडला, कोंबडी का मेली?

(जिल्हा मेळाव्यातील कुक्कुटपालकांच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कांद्यावर बोलणाऱ्यांनी सकाळी इतका वेळ घेतला की माझ्या वाट्याला जेवणाआधीचा तास आला आहे. भुकेल्या माणसांपुढे कोंबडीवर बोलायचे म्हणजे अवघड काम. पण मी ताटातल्या कोंबडीवर बोलणार नाही, शेडमध्ये मरून पडलेल्या कोंबडीवर बोलणार आहे. तेव्हा भूक थोडी मरेल.

मी शेतकी पदवीधर आहे. कॉलेजात पिकांवरचे रोग शिकलो, पक्ष्यांचे नाही. त्यामुळे पशुवैद्यकाचे काम मी इथे करणार नाही. कुठल्या औषधाची किती बाटली, हे मला विचारू नका, विचारले तरी सांगणार नाही. मी हवेबद्दल बोलणार आहे. हवा हा शेतकऱ्याचा विषय आहे, डॉक्टरपेक्षा आपल्याला ती जास्त कळते. निदान कळायला हवी.

इथे द्राक्षवाले किती? हात वर करा. आणि त्यातले पोल्ट्री करणारे किती? बघा, बरेच हात वरच राहिले. म्हणजे एकाच घरात बाग आहे आणि शेडही आहे. आता मला सांगा, द्राक्षवाला पहाटे उठून पहिल्यांदा काय बघतो? आभाळ बघतो. ढग आहे का, दव पडले का, पानावर ओल किती वेळ टिकली. ओल टिकली की डाऊनी येणार हे त्याला पाठ असते. ढगातून डाऊनी पडली असे तो म्हणत नाही. बुरशी बागेतच आहे, ती संधीची वाट बघते आणि हवा तिला संधी देते, हे त्याला माहीत असते. आम्हाला कॉलेजात हेच त्रिकोण काढून शिकवले. एक बाजू पीक, दुसरी रोगकारक, तिसरी हवामान. तिन्ही जुळल्या तर रोग, एक निसटली तर नाही.

तोच माणूस बागेतून निघून शंभर पावलांवरच्या शेडमध्ये शिरला की त्रिकोण विसरतो. तिथे कोंबडी मेली की म्हणतो, पिल्लूच रोगट आले. किंवा खाद्य खराब आले. नाहीतर कुणाची तरी नजर लागली. पिल्लू रोगट येत नाही असे मी म्हणत नाही, येते, त्याबद्दल पुढे बोलेन. पण दहा बॅचचा हिशेब काढा आणि कुठली मर कुठल्या महिन्यात झाली ते लिहा. मर कॅलेंडरच्या मागे चालते हे दिसेल.

आपल्या शेडमधली बरीचशी जंतूंची मर ई-कोलाय या नावाने ओळखली जाते. हा जंतू बाहेरून कुणी आणून टाकत नाही. तो तुमच्या-माझ्या आतड्यात आहे, गाईच्या शेणात आहे, निरोगी कोंबडीच्या विष्ठेतही आहे. शेडमधल्या धुळीत तो आहे, तुसात आहे. तुम्ही शेड कितीही धुऊन चुना मारा, पिल्ले सोडल्यावर चार दिवसांत तो परत हजर. त्याच्यासकट कोंबडी मजेत वाढते. त्याच्या सगळ्या जाती मारक नसतात, पण मारक जाती आत असूनही बॅच सुखरूप निघते, असे नेहमी घडते. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की जो जंतू रोजच घरात आहे तो याच आठवड्यात का उठला?

उन्हाळ्यापासून सुरुवात करू.

कोंबडीला घाम येत नाही. तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते, वर पिसांचे पांघरूण. बाहेर तिशीच्या वर गेले की ती चोच उघडून धापा टाकू लागते. श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकायची आणि अंग गार ठेवायचे, हाच तिचा मुख्य कूलर. हा कूलर चालवायला तिला मोठी किंमत मोजावी लागते. रक्त कातडीकडे वळते, आतड्याला कमी पडते. कांद्याच्या पापुद्र्याइतके नाजूक आतड्याचे अस्तर उपाशी राहून सैल पडते आणि एरवी आतड्यात गुमान बसलेले जंतू तिथून रक्तात उतरतात. दुसरीकडे, उष्णतेच्या ताणाने अंगात जे द्रव्य वाढते, ते रोगाशी लढणाऱ्या पेशींना दाबून टाकते. पक्ष्याच्या गुदद्वाराच्या वर एक छोटी पिशवी असते, तिथे ही लढाऊ फौज तयार होते. खूप दिवस उन्हात तापलेल्या पक्ष्याची ती पिशवी आक्रसते. फौज निम्मी आणि कुंपण तुटलेले, अशी गत.

आता पाण्याचा हिशेब करा. पाचव्या आठवड्यातला पक्षी साध्या दिवसात साधारण ३०० मिलिलिटर पाणी पितो. ५,००० पक्ष्यांचे झाले १,५०० लिटर. पारा ४२ वर गेला की तो दुप्पट पितो, खातो मात्र कमी. म्हणजे ३,००० लिटर. वरचे १,५०० लिटर गेले कुठे? काही वाफ होऊन हवेत आणि काही पातळ विष्ठेतून तुसात. एका दिवसात! मे महिन्यात तूस कोरडे दिसते, कारण हवा कोरडी आहे, ती पाणी उचलून नेते. मालेगाव-जळगावकडे मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की सकाळी टाकलेले पोते तासाभरात कडक होते. तिथे फॉगर लावा, पत्र्यावर पाणी मारा, उपयोग होतो. विदर्भातले आपले भाऊ पारा ४५ वर असताना याच जोरावर पक्षी वाचवतात. नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तशा दिवसांत फॉगर, पंखे आणि कोरडी हवा एवढाच आधार असतो.

आणि मग वळीव येतो.

भावांनो, या एका गोष्टीसाठी मी उभा आहे. बाकी सगळे विसरलात तरी चालेल.

दुपारी चार वाजता आभाळ भरते, वारा सुटतो, अर्धा तास पाऊस होतो. ४२ चा पारा ३४ वर येतो. आपण अंगणात खाट टाकतो, म्हणतो, सुटलो बुवा. वाऱ्याने सरी आत येतात म्हणून शेडचे पडदे घाईघाईने बंद केलेले असतात. वळवात पहिल्यांदा जाते ती लाईट, म्हणजे पंखे बंद. हवेतला ओलावा तासाभरात कुठल्याकुठे चढतो. तापलेल्या ओल्या तुसातून वाफ निघू लागते. आणि कोंबडी काय करते? ती धापाच टाकते आहे. पण आता धापेचा उपयोग नाही. पावसाळ्यात धोतर वाळत नाही, तसे ओल्या हवेत तिच्या श्वासातल्या पाण्याची वाफ होत नाही. पारा आठ अंशांनी उतरला तरी तिच्या अंगातली उष्णता वाढतच राहते. अशा वेळी कुणी फॉगर चालू ठेवला असेल तर त्याने आगीत तेल ओतले. कोरड्या हवेत फॉगर दोस्त, ओल्या हवेत वैरी.

त्या रात्री थोडे पक्षी मरतात, बहुतेक वजनदार. ते दिसते, कळते, आपण म्हणतो उष्माघात. त्याबद्दल वाद नाही. पण खरी मर त्या रात्रीची नव्हे. तापून, गुदमरून जे जगले, त्यांच्या आतड्याचे कुंपण तुटलेले आहे, तूस ओले झाले आहे, त्यातून अमोनिया निघू लागला आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही पक्षी पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात. छातीत घरघर येते. हिरवट-पांढरी विष्ठा होते. पाचव्या-सहाव्या दिवशी, जिथे रोज चार-पाच मरत होते, तिथे चाळीस पडतात. तोवर वळवाची आठवण कुणाला राहत नाही. परवा खाद्याची गाडी आली होती, तिची आठवण असते. मग खाद्याला शिव्या. उष्णतेची मर त्याच दिवशी होते आणि जंतूंची मर काही दिवस थांबून, म्हणून कारण आणि परिणाम यांची गाठ आपल्याला लागत नाही. द्राक्षवाल्याला हे कळते. आज दव पडले तर डाग आठवड्याने दिसणार, हे तो जाणतो.

अमोनियाबद्दल दोन शब्द. कोंबडीच्या विष्ठेतल्या नत्रावर तुसातले जंतू काम करतात आणि अमोनिया निघतो. ओल आणि ऊब मिळाली की भराभर निघतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला की पक्ष्याच्या श्वासनळीतली बारीक लव मरू लागते. ही लव म्हणजे घराचा झाडू. धूळ आणि जंतू ती सतत वर ढकलून बाहेर काढते. झाडूच मोडला की जंतूंनी भरलेली धूळ थेट आत उतरते. पक्ष्याला फुप्फुसांशिवाय हवेच्या पिशव्या असतात, अंगभर पसरलेल्या. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथे फौज उशिरा पोचते. जंतू तिथे ठाण मांडतो आणि मग काळजाकडे सरकतो. मेलेला पक्षी उघडला तर हृदयावर पिवळट साय धरलेली दिसते, यकृतावर तसाच पापुद्रा. इथल्या पुष्कळांनी ते पाहिले असेल.

माणसाच्या नाकावर मात्र विसंबू नका. शेडमध्ये रोज वावरणाऱ्याच्या नाकाला सवय होते. पहाटे बाहेरच्या मोकळ्या हवेतून आत या आणि पहिला श्वास गुडघ्यावर बसून घ्या. पक्षी तिथे श्वास घेतो, तुमच्या डोक्याच्या उंचीवर नाही. डोळे चुरचुरले तर उशीर झाला असे समजा.

हे मी कसे शिकलो ते सांगतो, कारण ती माझी चूक आहे आणि चुकीचे श्रेय मी दुसऱ्याला देणार नाही.

माझ्या चुलत भावाची शेड होती, ४,००० पक्ष्यांची, निफाडकडे. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा चार-पाच अंशांवर येतो, बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस. त्याने मला विचारले, तू शिकलेला आहेस, थंडीचे काय करू? मी तेव्हा पॉलिहाऊसची कामे बघत होतो. ऊब धरून ठेवायची, एवढे मला माहीत. सांगितले, सगळे पडदे खालून वरपर्यंत बंद कर, फटींत पोती कोंब. त्याने इमानाने तसे केले. शेड उबदार झाली. दव आत धरले, छतावरून थेंब तुसावर. दहा-बारा दिवसांत घरघर सुरू झाली आणि बॅच निघेपर्यंत चारशेच्या वर पक्षी गेले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी पक्षी उघडून ती साय दाखवली. मला रागावले नाहीत. एवढेच विचारले, पहाटे आत येऊन एकदा श्वास घेतला होता का? मी घेतला नव्हता. भावाच्या हातात त्या बॅचचे जे आले, त्यात तुसाचे पैसेही फिटले नाहीत. तो मला आजवर काही बोललेला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हा हिवाळ्यात पडदा खालून वर न्यायचा आणि वर फूटभर जागा उघडी ठेवायची. थंड वारा पक्ष्याच्या अंगावर येत नाही आणि वरून घाण हवा निघून जाते. पक्ष्याला थोडी थंडी सोसते, त्यासाठी तो चार दाणे जास्त खाईल. अमोनिया सोसत नाही.

पिल्लांचे वेगळे. पहिल्या आठवड्यात पिल्लू स्वतःचे अंग गरम ठेवू शकत नाही, त्याला पिल्लाच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश लागतात. नुसती हवा गरम करून भागत नाही, खालचे तूसही गरम हवे, म्हणून गाडी येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर पेटवा. थंड तुसावर बसलेल्या पिल्लाच्या पोटातला बलक जिरत नाही. तो तिथेच नासतो, बेंबीतून जंतू शिरतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोट फुगून पिल्ले मरतात. आता इथे खरी भांडणाची जागा आहे. हॅचरीतून बेंबी न मिटलेले पिल्लू आले तरी असेच मरते. दोष कुणाचा? पिल्ले उतरवताना शंभर पिल्लांच्या बेंब्या तपासल्या असतील, त्या दिवशीचे शेडचे तापमान लिहिले असेल, तर सांगता येईल. लिहिले नसेल तर दोष तुमचा. करारात तसे छापलेले नसले तरी तसेच ठरते.

पावसाळ्यात तीन गोष्टी एकदम येतात, तूस, पाणी आणि श्रावण.

तूस मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, हलकेच फुटला तर ठीक. ओल्या तुसावर चुना टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. टाका, पण आम्ही कॉलेजात पहिल्या वर्षी शिकलो ते आठवा. अमोनियम सल्फेटमध्ये चुना मिसळू नये, नत्र उडून जातो. इथेही तेच होते. चुना पडला की तुसातला अमोनिया एकदम सुटतो. म्हणून चुना टाकायचा तर सकाळी, पडदे उघडे असताना, तूस हलवून. संध्याकाळी चुना टाकून पडदे लावून झोपायला जाणारा माणूस मी पाहिला आहे, सकाळी तो माझ्याशी भांडला.

पाण्याचे म्हणाल तर जूनच्या पहिल्या पावसात गावातली सगळी घाण वाहून विहिरीत उतरते. आपण माणसांसाठी टाकीत पावडर टाकतो, कोंबडीसाठी विसरतो. ई-कोलायला ३७ अंशांच्या आसपास ऊब आणि खायला मिळाले तर तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. सात तासांत एकाचे वीस लाख. पाइपात इतकी मेजवानी नसते हे खरे, पण पाइपाच्या आत बोट फिरवून बघा, गुळगुळीत थर लागतो. तो थर म्हणजे त्याची वसाहत. १,००० लिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम ब्लिचिंग पावडर, ताजी आणि ३० टक्क्यांची, म्हणजे दहा लाखात ३ भाग क्लोरीन. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा आणि निवळू द्या, नाहीतर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. गेल्या वर्षीचे उघडे पाकीट वापरू नका, दमट हवेत त्याचा दम गेलेला असतो. उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीतूनही क्लोरीन लवकर उडतो, शिवाय पाणी इतके तापते की पक्षी तोंड लावत नाही. टाकीवर सावली करा. आणि लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी पावडर बंद, नाहीतर लसच मरेल.

राहिला श्रावण. धर्माबद्दल मी काही बोलत नाही, ज्याला पाळायचा त्याने पाळावा. पण श्रावणात मागणी पडते, पुढे गणपती, नवरात्र. कंपनी पक्षी उचलत नाही. दोन किलोला जायचा पक्षी आठ-दहा दिवस आणखी बसतो, अडीच-पावणेतीन किलोचा होतो. शेड तेवढीच. वर्षातली सर्वात ओली हवा, सर्वात ओले तूस, आणि त्याच जागेत वजनाने सव्वा ते दीडपट कोंबडी. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू बाजारानेच जुळवून दिल्या. त्यानंतर जी मर होते ती हवेने झाली की उचल न केल्याने?

आता औषधाचे एकच सांगतो, कारण त्याचाही हवेशी संबंध आहे. प्रतिजैविक आपण पाण्यातून देतो, टाकीला इतके ग्रॅम असे मोजून. मेमध्ये पक्षी दुप्पट पाणी पितो, म्हणजे त्याच्या पोटात दुप्पट औषध. डिसेंबरमध्ये तो कमी पितो, म्हणजे अर्धवट औषध. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, शहाणा होतो. मग पुढच्या बॅचला तेच औषध चालत नाही आणि दुकानदार त्याहून महाग बाटली काढतो. कोलिस्टिन हे माणसांच्या डॉक्टरांचे अगदी शेवटचे हत्यार. ते आपल्याकडे कोंबडीच्या खाद्यात सर्रास मिसळले जात होते. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. कुणाकडे जुना डबा असेल तर वापरू नका. सरकारी बंदी म्हटली की माझ्या कपाळावर आठी पडते, हे तुम्हाला माहीत आहे, पण ही बंदी बरोबर आहे. तुमच्या नातवाला उद्या दवाखान्यात लागेल ते औषध तुसात सांडायचे नाही. वजनाप्रमाणे मात्रा काढून घ्या, पशुवैद्यकाकडून, आणि जमेल तिथे कुठले औषध त्या जंतूवर चालते याची तपासणी करून. पुण्याला औंधला पशुरोग अन्वेषण विभाग आहे, तिथे पक्षी तपासतात. मेलेला पक्षी बर्फात, त्याच दिवशी पाठवा, कुजलेला पाठवून उपयोग नाही.

आणि एक सावधगिरी. एका रात्रीत पक्षी पटापट पडू लागले, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, तर उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. नवापूरला २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला, देशातला पहिला, तो विषाणूचा रोग होता. त्याची गोष्ट वेगळी, ती हवामानाच्या माथी मारू नका.

आता कराराकडे येतो.

करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, तूस, पाणी, लाईट, मजुरी आपली. भावाची जोखीम कंपनी घेते, हे मी मान्य करतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करोना कोंबडीतून येतो अशी अफवा उठली आणि भाव मातीत गेले, तेव्हा स्वतःच्या पैशाने पक्षी वाढवणारे पार बुडाले. करारवाल्यांच्या शेड रिकाम्या पडल्या, पण खाद्याची उधारी त्यांच्या डोक्यावर नव्हती. तेव्हा करार वाईटच, असे मी म्हणणार नाही.

पण हवेची जोखीम कोणाची? मर ठराविक टक्क्यांच्या पुढे गेली की कपात, खाद्य-वजनाचे गणित बिघडले की कपात. वळीव कुठल्या कॉलममध्ये लिहायचा? तो कॉलमच नाही. कागदावर सगळी मर एकच आहे, आणि तिचे नाव आहे ‘व्यवस्थापनातील त्रुटी’. माझ्या चुलत भावाची मर खरोखर त्रुटीने झाली, सल्ला देणाऱ्याच्या. पण मे महिन्यातही पक्ष्यामागे एकच चौरस फूट जागा धरून शेड भरायला लावली, तर ती त्रुटी शेतकऱ्याची नाही. उन्हाळ्यात सव्वा चौरस फुटाच्या आसपास जागा लागते, हे पिल्ले पाठवणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असते. ठरल्या वजनावर उचल झाली नाही, त्यानंतरचे खाद्य आणि त्यानंतरची मर शेतकऱ्याच्या खात्यावर का पडावी? आणि पहिल्या आठवड्याची मर वेगळी काढून दोघांच्या समक्ष पाच पिल्ले उघडून बघायला हरकत कोणाची आहे?

या तीन मागण्या घेऊन आपण बोलायला बसणार आहोत. मागच्या वेळी एका कंपनीच्या कचेरीत आम्ही चौदा जण गेलो होतो. समोरच्या साहेबाने शांतपणे विचारले, तुमच्याकडे काय आहे? त्याच्याकडे संगणकावर प्रत्येक बॅचचा हिशेब होता. आमच्याकडे तक्रारी होत्या. एकाकडेही त्या दिवसांचे तापमान लिहिलेले नव्हते. चहा पिऊन परत आलो.

म्हणून या पावसाळ्यापासून प्रत्येक शेडमध्ये तापमान आणि ओलावा दोन्ही दाखवणारे घड्याळ लावायचे. ते काही शेकड्यांत मिळते, एका मेलेल्या मोठ्या पक्ष्याच्या किमतीतच जवळजवळ. लावायचे कुठे? दारापाशी नाही, पत्र्याखाली नाही, शेडच्या मध्यावर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर, जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे चोच मारणार नाहीत. पहाटे पाच, दुपारी तीन आणि रात्री दहा, असे तीनदा लिहायचे. सोबत त्या दिवसाची मर, पाण्याची टाकी किती वेळा भरली, लाईट किती वेळ गेली, पाऊस आला का. पाणी लिहायला विसरू नका. पक्षी आजारी पडण्याआधी पाणी बदलते, हे नोंदीत तुम्हाला मरीच्या आधी दिसेल. उचलीची ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख दोन्ही. सुपरवायझर आला की त्याची सही घ्यायची. तो नको म्हणाला तर ‘सही नाकारली’ असे लिहून तारीख टाकायची.

वहीचे छापलेले नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत, बायकांनी दोन घ्या, कारण बहुतेक घरांत शेड तुम्हीच बघता आणि सही मात्र पुरुषाची असते. जेवणानंतर तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येणार आहेत. ते मागच्या पत्र्याच्या खोलीत दोन पक्षी उघडून दाखवतील, एक उन्हाने गेलेला आणि एक ई-कोलायने. ज्यांनी ती साय अजून पाहिलेली नाही त्यांनी पुढे बसा. वळीव या वर्षी आमच्या गावात आठवड्यापूर्वी झाला. चुलत भावाने सकाळी फोन केला होता, रोजची मर तीन आहे म्हणाला. मी त्याला तूस मुठीत धरून बघायला सांगितले आहे, संध्याकाळी सांगेल.